काळं नाहीये ते

"हे तर काळंच आहे की गं," मावशी म्हणाली आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि डोक्यावर पिवळा बल्ब होता. दोष तिचा नव्हता, पेनाचाही नव्हता. "उद्या सकाळी खिडकीत बघ," एवढंच मी म्हटलं. सकाळी तिनं चष्मा पुसला, पेन उजेडात आडवं धरलं आणि वांगं निवडताना फिरवतात तसं सावकाश फिरवलं. दोनदा फिरवलं. मग म्हणाली, "अगं बाई, हा तर आमसुली! जरासा वांगीकडे झुकलेला, पण आमसुलीच."

ज्या कंपनीनं हे जुनं फाउंटन पेन केलं तिनं या रंगाचं नाव 'प्लम' ठेवलं होतं. हा जांभळा म्हणायचा की तांबूस तपकिरी, यावर संग्राहक तासन् तास वाद घालू शकतात, आणि मीही घातलेत. मावशीनं तो वाद उभ्या उभ्या मिटवला. जिच्या तोंडात अंजिरी, आमसुली, वांगी, डाळिंबी हे सगळे निरनिराळे रंग आहेत आणि एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारलेली जिला खपत नाही, तिला यात वाद घालण्यासारखं काही दिसलंच नाही. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत 'प्लम' कापून 'आमसुली' लिहिलंय.

या नादाची सुरुवात वडिलांच्या जुन्या पेनानं झाली, असं सांगता आलं असतं तर छान वाटलं असतं. पेनं जमवणारे बरेच जण तसं सांगतात. आमच्या घरी मात्र सगळे बॉलपेननं लिहायचे, आणि ती बॉलपेनंही कुणाची तरी चुकून खिशात आलेली असायची. मी एका ओळखीच्या संग्राहकाकडे गेले होते, तेही दुसऱ्याच कामासाठी. टेबलावर खाचा असलेल्या ट्रेमध्ये बर्गंडी, म्हणजे गर्द तांबड्या रंगाची सहा-सात पेनं ओळीनं ठेवली होती. त्यातलं चौथं मला मळकं वाटलं. "हे पुसायचं राहिलंय का?" मी विचारलं.

तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. पेन उचलून खिडकीशी गेला, मला बोलावलं आणि शेजारी एक खरं बर्गंडी धरलं. "मळलेलं नाहीये. रंगच वेगळा आहे. मी स्वतः दोन वर्षं हे बर्गंडी समजून वापरत होतो."

मला पेनापेक्षा त्या दोन वर्षांचं नवल वाटलं. रोज हातात असलेल्या वस्तूचा रंग माणसाला दोन वर्षं दिसू नये, आणि दिसला की मग दुसरं काही दिसूच नये. तेव्हापासून आता सात वर्षं झाली. माझ्याकडे त्या रंगाची चार पेनं आणि एक पेन्सिल आहे. याला संग्रह म्हणायचं तर म्हणा. ट्रे अर्धा रिकामाच आहे.

पेन कुठलं ते सांगते. पार्कर 51. 1939 मध्ये त्याचे प्रयोग पुरे झाले, तेव्हा कंपनीचं 51वं वर्ष चालू होतं, म्हणून आकडा हेच नाव. अमेरिकेच्या बाजारात ते रीतसर आलं 1941 मध्ये. त्याचं ते निमुळतं, नाक पुढं काढलेलं रूप अनेकांना विमानासारखं वाटतं, पण त्यामागची अडचण अगदी जमिनीवरची होती. कंपनीनं झटकन सुकणारी शाई केली होती. कागदावर सुकणारी शाई निबेवरही सुकते. म्हणून निब एका हूडखाली, म्हणजे पुढच्या निमुळत्या आवरणाखाली झाकली, नुसतं टोक बाहेर ठेवलं. शिवाय ती शाई इतकी अल्कधर्मी की सेल्युलॉइडला, म्हणजे तेव्हाच्या पेनांच्या प्लॅस्टिकला खाऊन टाकायची, म्हणून बॅरल, म्हणजे पेनाची मागची नळी, ल्युसाइटची केली, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची. आज पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी ही पेनं नुकती घेतल्यासारखी दिसतात ती त्या तापट शाईच्या कृपेनं.

1948 मध्ये शाई भरायची पद्धत बदलली. बॅरल फिरवून काढायचं, आत धातूच्या आवरणात एक पट्टी असते ती दाबायची आणि सोडायची. किती वेळा दाबायची तेही त्या आवरणावर कोरलेलं असतं. पेनाच्या पोटात अशी सूचना सापडली की मला अजून बरं वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी चिठ्ठी ठेवून गेल्यासारखं. या नव्या पद्धतीच्या पेनांतच, चाळीसच्या दशकाच्या अखेरीला, थोडा काळ हा आमसुली होता आणि मग यादीतून गेला. काळा, बर्गंडी, करडा, गर्द निळा आणि मोरपंखीच्या जवळचा टील पुढे वर्षानुवर्षं चालले. ते आज हवे तितके मिळतात.

पार्करच्या पेनांवर बराच काळ सालाचा शेवटचा आकडा आणि त्याभोवती ठिपके असायचे. तिमाही सरली की एक ठिपका कमी व्हायचा. माझ्या पहिल्या पेनावरचा तो आकडा कुणाच्या तरी बोटांनी पार घासून गेलाय. भिंगातून पाहिलं की त्या जागी एक गुळगुळीत चकाकी दिसते, तेवढीच.

दुर्मीळ रंग म्हणजे खास लोकांसाठी मोजकाच बनवलेला रंग, अशी माझी आधी समजूत होती. राजघराण्यातल्या दागिन्यासारखं काहीतरी. प्रत्यक्षात दुर्मीळ रंगांमधले कितीतरी तेव्हा कुणाला नको होते. पडून राहिले, म्हणून बंद झाले, म्हणून आज मिळत नाहीत.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पिवळ्याचं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं. सुरुवातीची फाउंटन पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. त्या गंधकाचं रंगांशी जमत नसे. बहुतेक रंगद्रव्यं त्याच्या संगतीत काळवंडायची. टिकायचा तो लाल, कारण त्यातला हिंगूळ हा मुळातच पारा आणि गंधक यांचं संयुग आहे. आधीच गंधकाशी लग्न लागलेलं, त्याला आणखी काय होणार! म्हणून पेनं काळी, फार तर लाल, नाहीतर लाल-काळी मिसळ. 1921 मध्ये पार्करनं भलंमोठं केशरी-लाल डुओफोल्ड नावाचं पेन काढलं, तेव्हा काळ्या पेनांच्या गर्दीत ते आगीसारखं दिसलं असणार. लाल एबोनाइट काळ्यापेक्षा ठिसूळ असतं, तरी लोकांनी ते उचलून धरलं.

मग सेल्युलॉइड आलं आणि रंगांचं दार उघडलं. शेफर या दुसऱ्या पेन कंपनीनं 1924 मध्ये जेड काढला, पाचूसारखा हिरवा. दोन वर्षांनी पार्करनंही तोच रस्ता धरला. 1927 मध्ये पार्करनं दोन नवे रंग आणले, लॅपिस नावाचा निळा आणि मँडरिन यलो. पिवळंधमक बॅरल आणि दोन्ही टोकं काळी. चित्रात पाहिलं तर डोळे निवतात. पण शाईच्या वस्तूला पिवळा रंग देणं म्हणजे पांढरा सदरा घालून कोळसा उचलायला जाण्यासारखं. टोपणाच्या कडेला डाग पडले, शिवाय हे सेल्युलॉइड ठिसूळ निघालं आणि त्याला बारीक तडे जाऊ लागले. खप बेताचाच झाला. दोन-तीन वर्षांत तो रंग मागे पडला, आणि आज डाग-तडे नसलेलं पिवळं डुओफोल्ड दिसलं की जाणते संग्राहक बोलायचे थांबतात. मी असं एकच पाहिलंय, दुसऱ्याच्या हातात. मी हात पुढे केला नाही. तडे ऐकू येतात का, असा वेडा विचार मनात आला होता.

शेफरच्या 1952 च्या स्नॉर्केलचंही थोडंफार तसंच. त्याच्या टोकातून एक नळी बाहेर येते आणि नुसती ती नळी दौतीत बुडवून पेन भरतं, निब पुसावी लागत नाही. या पेनाला रंग भरपूर होते. त्यातले सौम्य हिरवे-निळे-करडे ढिगानं सापडतात आणि भडक शेंदरी किंवा मोरपंखी मात्र शोधत बसावे लागतात. कचेरीत भडक पेन काढून सही करायला धीर लागत असेल. पेनं घेणाऱ्यांनी धीर केला नाही आणि पुढच्या पिढीतल्या आम्हा लोकांची पायपीट झाली.

तेव्हा आम्ही जमवतो काय, तर लोकांची नापसंती.

पण जेडची गोष्ट याच्या उलट आहे, आणि तीच मला सगळ्यात जास्त छळते. जेड पडून राहिला नाही. तो धो धो विकला गेला, पुढे सगळ्यांनीच त्याची नक्कल केली. म्हणजे आज मुबलक मिळायला हवा, आणि पेनं मिळतातही. रंग मिळत नाही.

एका संग्राहकानं एकदा मला जेड पेन-पेन्सिलीचा जोड दाखवला. दोन्ही एकाच डबीत, शंभर वर्षांच्या आसपासचे, आणि दोघांच्या पोटजातीत काहीच फरक नाही, तेच सेल्युलॉइड, तीच कंपनी. पेनाचं टोपण बऱ्यापैकी हिरवं होतं. बॅरल मात्र डबक्यातल्या पाण्यासारखं, शेवाळी, मधेच तपकिरी, आणि शाई भरायच्या तरफेच्या आसपास तर जवळजवळ तंबाखूच्या रंगाचं. शेजारची पेन्सिल? लख्ख. ओल्या पानासारखी. मला वाटलं पेन्सिल नंतरची, बदललेली असेल. तसं नव्हतं.

खरं कारण पेनाच्या पोटात होतं. बॅरलच्या आत शाईसाठी रबरी पिशवी असते. रबर म्हणजे पुन्हा गंधक आलंच. ती पिशवी जुनी होताना गंधकाचे वायू सोडत राहते. बंद बॅरलमध्ये ते वर्षानुवर्षं कोंडून राहतात आणि सेल्युलॉइड आतून काळवंडत जातं. टोपणात पिशवी नसते, म्हणून टोपण वाचतं. पेन्सिलीच्या पोटात तर रबरही नाही आणि शाईही नाही, म्हणून ती तशीच राहते. जे गंधक एबोनाइटच्या काळात रंग येऊ देत नव्हतं, ते सेल्युलॉइडच्या काळात मागच्या दारानं आत शिरलं.

तेव्हापासून मी पेन्सिलींकडे वेगळ्या नजरेनं बघते. पेनाचा मूळ रंग काय होता हे बघायचं तर पेन्सिल बघावी. बाकी सगळं ऐकीव. जाहिराती छापल्या गेल्या त्या छपाईच्या शाईच्या रंगात आणि त्यांचे कागदही पिवळे पडले. लोकांच्या आठवणींचं तर विचारूच नका. पेन्सिल मात्र डबीत पडून राहिली, कुणी तिला फार विचारलं नाही, आणि त्या दुर्लक्षामुळे तिचा रंग टिकला.

दुर्लक्ष म्हणजे किती, तर पेनं एकेक करून मखमलीत मांडलेली असतात आणि पेन्सिली रबरबँड लावून जुडीनं विकतात. पालेभाजी परवडली. संग्राहकांमध्येही पेन्सिलवाले म्हणजे खालच्या पंगतीचे. पेन विकत घेताना सोबत पेन्सिल होती, ती काढून टाकली आणि पेन ठेवलं, असं सांगणारे भेटतात, आणि सांगताना त्यांना काही वाटतही नाही. जोड्या फुटतात त्या अशा. त्यात पेन्सिल कुणालाही उसनी देता येते. पेन देताना माणूस "निब बिघडेल हो" म्हणतो, पेन्सिलीला तशी काही सबब नाही. गेलेली पेन्सिल परत येत नाही हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे.

बरं, त्या चालतही नाहीत. जुन्या पेन्सिली नव्वद टक्के वेळा बिघडलेल्या नसतात, तुंबलेल्या असतात. कुणीतरी जाड शिसं घातलेलं असतं, नाहीतर बारीक घातल्यावर ते आत आडवं होऊन मोडलेलं असतं. त्या काळच्या यांत्रिक पेन्सिलींत साधारण 1.1 मिलिमीटर आणि 0.9 मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास होती, आणि डोळ्यांना तो फरक कळत नाही. माझ्याकडे गिटारच्या तारेचा एक तुकडा आहे. टोकातून तो हळूच आत सरकवायचा, कट्ट आवाज आला की फिरवायचा. काळी भुकटी कागदावर पडते, मग एक तुकडा, मग आणखी एक. कान साफ करताना जसा माणसाचा चेहरा होतो तसा माझा होतो, असं घरचे म्हणतात.

हे सगळं शिकायच्या आधी मी एक मोठं पाप केलंय. शेवाळी-सोनेरी लाटा असलेलं एक जुनं पेन मला मिळालं होतं. निबेत शाई दगड झाली होती. दुसऱ्या पेनांना करते तसं मी ते अख्खं पेन रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी ते फुगलेलं होतं. अक्षरशः फुगलेलं, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं, चकाकी जाऊन पिठूळ झालेलं, आणि टोपण त्यावर बसेना. ते केसिनचं होतं. केसिन म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून बनवलेलं प्लॅस्टिक. दिसायला सेल्युलॉइडपेक्षाही देखणं असतं, पण पाणी दिसलं की दूध असल्याचं त्याला आठवतं. सुकल्यावर त्याला आडव्या भेगा गेल्या. ते पेन मी टाकलेलं नाही. ट्रेच्या कोपऱ्यात आहे, माझ्याकडे बघत असतं.

आमसुलीच्या बाबतीत धोका पाण्याचा नाही, नजरेचा आहे. ल्युसाइट फार गुणी. पण बर्गंडीचा फोटो जरा निळसर उजेडात काढला की तो आमसुली दिसतो, आणि आमसुलीचा फोटो बल्बखाली काढला की तो बर्गंडी किंवा काळा. बल्बच्या उजेडात निळा भाग मुळात कमी असतो, मग जांभळ्यातला जांभळेपणा दिसणार कशानं? विकणारा दर वेळी लबाड असतो असं नाही. त्याला खरंच दिसत नसतं. मी पहिल्या दोन वर्षांत तीन वेळा फसले, आणि तिन्ही वेळा मी स्वतःच स्वतःला फसवलं, कारण फोटोत मला हवं ते मी बघत होते. आता मी फोटो मागवते तो खिडकीशी, ढगाळ दिवसाचा, पांढऱ्या कागदावर, आणि पेनाच्या एका बाजूला काहीतरी काळं आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी लाल ठेवून. एकटा रंग काही सांगत नाही. शेजारी असले की बोलायला लागतो.

तरी चौथं पेन मला चकवून गेलंच. बॅरल आमसुली, अगदी खात्रीचं. आठ महिने मी त्यानं लिहिलं. एका दुपारी वाचता वाचता पेन कागदावर आडवं ठेवलं आणि मधल्या कड्याच्या अलीकडे-पलीकडे रंग तुटलेला दिसला. हूड बर्गंडी होतं. या पेनांचं बॅरलही फिरवून निघतं आणि हूडही निघतं. हूड शेलॅकनं, म्हणजे लाखेनं चिकटवलेलं असतं, हेअर ड्रायरनं थोडी ऊब दिली की सुटतं. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, एका जखमी पेनाला दुसऱ्याचं नाक बसवलं होतं. कदाचित विकण्यासाठी, कदाचित नुसतं लिहिता यावं म्हणून.

असल्या पेनांना संग्राहक फ्रँकेनपेन म्हणतात आणि नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. पन्नास साली एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याच्या खणात आमसुली हूड नव्हतं आणि गिऱ्हाइकाला सोमवारी परीक्षेला बसायचं होतं, अशी गोष्ट मी त्या पेनाला लावून टाकली आहे. खरी असेल असं नाही. पण ते पेन मी "दुरुस्त" केलं नाही. दुसऱ्या पेनाचं हूड काढून याला लावायचं म्हणजे एकाची अडचण दुसऱ्याच्या गळ्यात. नोंदवहीत मात्र स्पष्ट लिहिलंय, हूड बर्गंडी. माझ्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल त्याची दुपार वाया जायला नको.

नाव कोरलेल्या पेनांबद्दलही माझं मत असंच उलटं आहे. बॅरलवर कुणाची आद्याक्षरं असली की भाव पडतो, काही जण ती घासून काढतात. मला घासलेल्या जागेचीच लाज वाटते. माणूस गेला, पेन राहिलं, दोन अक्षरं राहिली, ती पुसून आपल्याला काय मिळणार?

आता पेन्सिलीचं. आमसुली पेन्सिल मला सहा वर्षं मिळाली नव्हती. 51 ची पेन्सिल साधी असते. वरचा अर्धा भाग धातूचा, पेनाच्या टोपणासारखाच, क्लिपसकट. खालचा निमुळता भाग रंगीत. वरचं टोपण दाबलं की शिसं पुढं येतं. म्हणजे रंग बघायला मिळतो तो जेमतेम अर्ध्या लांबीचा.

ती सापडली एका जुडीत. अकरा पेन्सिली, "काळ्या, चालत नाहीत" एवढंच वर्णन. फोटो धुरकट. त्यात एकीच्या कड्यापाशी, जिथे उजेड थोडा तिरपा पडला होता, तिथे काळेपणा पुरता काळा नव्हता. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. मोठा केला की फोटोतले ठिपके सगळेच जांभळे दिसायला लागतात, हेही मला माहीत होतं. विकणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं खिडकीत नेऊन पाहिलं असतं आणि त्यालाही दिसलं असतं. मी विचारलं नाही. खात्री नव्हती म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगते. हे कारण पुरेसं आहे की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

पाकीट आलं संध्याकाळी. मी ते फोडलं नाही. बल्बखाली फोडून काय बघणार होते? सकाळी खिडकीशी बसून जुडी सोडली. दहा पेन्सिली काळ्या होत्या, निखळ काळ्या. अकरावी हातात घेतली, फिरवली आणि मावशीला फोन लावला.

"तुझा आमसुली मिळाला वाटतं," ती म्हणाली. मी अजून काही बोललेही नव्हते.

पेन्सिल तुंबलेलीसुद्धा नव्हती. टोपण काढलं तर आत खोडरबर होतं, खडा झालेलं. आणि शिसं होतं, मूळ मालकाचं, बोटाच्या पेराएवढं. नवं घालायच्या आधी ते काढून टाकावं असा माझाच नियम आहे. मी तो मोडला आणि त्या शिशानं लिहायला लागले. किराणा नाही, हिशेब नाही, नुसता आपला वहीत सराव. ते शिसं मऊ निघालं, कागदावर दाट उमटायचं. त्याच्या मालकानं ते ज्या वाक्यासाठी पुढे काढलं असेल ते लिहून झालं होतं की राहिलं होतं, कोण जाणे. मला ते नऊ दिवस पुरलं. दहाव्या दिवशी टोकातून एक बारका तुकडा निसटला, टेबलाखाली गेला आणि सापडला नाही.

मावशी पुढच्या खेपेला आली तेव्हा मी ट्रे खिडकीशी नेला आणि पेनाशेजारी पेन्सिल ठेवली. रंग तंतोतंत तोच होता. तिनं दोन्ही बघितली, डोकं एका बाजूला कलवलं.

"रंग जुळतो गं. पण ही बुटकी नाही का?"

होती. मीही ते पहिल्याच सकाळी पाहिलं होतं आणि डोळ्याआड केलं होतं. त्या काळी 51 ची एक छोटी आवृत्ती निघायची, डेमी नावाची, थोडी आखूड, थोडी बारीक. ही पेन्सिल डेमीच्या जोडातली. माझी चारही पेनं पूर्ण मापाची. म्हणजे या पेन्सिलीला तिचं छोटं पेन हवं, आणि माझ्या पेनाला त्याची मोठी पेन्सिल हवीच आहे अजून.

मावशी चहा घ्यायला आत गेली. मी नोंदवही काढली. सहा वर्षं तिथे एक ओळ रिकामी होती, 'पेन्सिल, आमसुली'. तिच्यापुढे 'डेमी' लिहून बरोबरची खूण केली आणि खाली दोन नव्या ओळी आखल्या.